थोरलीचं जातं

जावा-जावा म्हटलं की हेवादावा आलाच, असं म्हणतात. आमच्यात दावा कधी नव्हता. हेवा मात्र होता, आणि तो सगळा माझ्याकडूनच होता.

थोरल्या जावेचा हेवा करावा असं वरवर काही दिसत नव्हतं. रंगानं ती माझ्याहून सावळी, शाळेचं तोंड न पाहिलेली, मिरजगावकडच्या कोरड्या मुलखातून आलेली. मी पारनेरची, तालुक्याच्या गावची, सातवी पास. लग्नात माझ्या अंगावर तिच्यापेक्षा सोन्याचा एक डाग जास्त पडला होता. तरी तिला बघितलं की माझा जळफळाट व्हायचा, कारण तिला कितीही लागलं, दुखलं, खुपलं तरी ते तिच्या तोंडावर दिसायचं नाही. माझं मात्र चुलीवर बोट पोळलं तरी चार घरांना कळायचं.

माझं पहिलं बाळंतपण माहेरी झालं आणि मी ओरडले. आईचं, वडिलांचं, गावातल्या सगळ्या देवांचं नाव घेऊन ओरडले. इतकंच काय, जे नाव उखाण्याशिवाय घ्यायचं नसतं तेही दोन-तीनदा घेतलं. माझी आई भोळी. मला आणि मुलीला सासरी पोचवायला आली तेव्हा तिनं सासूबाईंना हसत हसत सांगितलं, "पोरीनं आमच्या सगळी आळी गोळा केली हो." तिला वाटलं, ऐकून सासूला सुनेची कणव येईल. सासूबाईंनी ते वाक्य लोणच्यासारखं मुरत ठेवलं आणि पुढची तीन वर्षं हवं तेव्हा ताटात वाढलं.

थोरलीला आई नव्हती. ती अंगावर पीत असतानाच आई गेली. बापानं दुसरं घर केलं, आणि त्या घरातून तिला बाळंतपणाला बोलावणं येणार नव्हतं. म्हणून तिची दोन्ही बाळंतपणं सासरीच झाली. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. एवढी खमकी बाई, पण रक्त बघितलं की तिला घेरी यायची. म्हणून दोन्ही वेळा ती ओसरीवर दाराला कान लावून बसली होती. "दोन्ही टायमाला माज्या थोरलीनं ब्र काढला न्हाई," ती आल्यागेल्याला सांगायची. "बाळ रडलं तवा मला कळलं, सुटली म्हनून." आणि मग हमखास माझ्याकडे बघायची. मी भांडी जरा जोरात आपटायची.

दुष्काळ पडला त्या वेळी मला दुसऱ्यांदा दिवस गेले होते. सुप्याच्या रस्त्यापासून आत आमचं गाव. विहिरी आटल्या, दावणीची जनावरं छावणीत गेली आणि आम्ही दोघी जावा सरकारी कामावर खडी फोडायला जाऊ लागलो. सकाळी मुकादम हजेरी घ्यायचा. मग माळावर बायकांची रांग बसायची, प्रत्येकीपुढे दगडांचा ढीग, हातात हातोडी. बोटांवर सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे चढवायचे, म्हणजे दगड धरलेल्या बोटांची सालटी निघत नाहीत. दुपारी खायला सुकडी, म्हणजे भाजलेलं गोड पीठ, मिळायची. ती तोंडात टाकली की टाळ्याला चिकटायची, आणि प्यायला पाणी वाटीनं मिळायचं.

त्या रांगेत सगळ्याच कण्हायच्या. कुणी कंबर धरायचं, कुणी मुकादमाला शिव्या द्यायचं, कुणी दुष्काळाला. थोरली कण्हायची नाही. एकदा तिची हातोडी सटकून अंगठ्यावर बसली. नख तेव्हाच काळं पडलं. तिनं हातोडी खाली ठेवली, डोळे मिटले आणि तिची मान हलायला लागली. नाही म्हणताना हलते तशी नाही, होकाराचीही नाही. हळूहळू गोल फिरत होती. चार-सहा फेरे झाले असतील. मग तिनं डोळे उघडले, अंगठ्याला पदराची चिंधी गुंडाळली आणि पुढचा दगड घेतला.

मी ते बघितलं आणि माझ्या मनानं घेतलं: ही मनातल्या मनात ओव्या म्हणते. मान गोल दुसऱ्या कशानं फिरणार? जातंच फिरवत असणार. मला एकदम चोर सापडल्याचा आनंद झाला. म्हणजे ही काही सोशीक वगैरे नाही, हिच्याकडे औषध आहे, आणि ते ही एकटीच घेते.

"बाई, मनात काय म्हनता ओ?" घरी जाताना मी विचारलं. थोरल्या जावेला मी बाई म्हणायची.

"काई न्हाई."

"मग मान कशी फिरती?"

"फिरती व्हय?" ती म्हणाली. "मला न्हाई ठावं."

मला ते खरं वाटलं नाही. ओवी सांगितली तर हिचं काय जाणार होतं? बरं, मी काही ओवीला महाग नव्हते. माझ्या आईला दोनशेच्या वर ओव्या यायच्या. पारनेरला आमच्या आळीत कुणाचं लग्न निघालं की हळद दळायला आधी तिला बोलावणं यायचं. मला तिच्या निम्म्या तरी तोंडपाठ होत्या. गावात डिझेलची गिरणी आल्यापासून दळायला कुणी बसत नव्हतं, म्हणून त्या नुसत्या पडून होत्या. आता वापरायच्या, असं मी ठरवलं. थोरलीची एक तर माझ्या शंभर.

दुसऱ्या दिवशी माळावर बसल्या बसल्या मी मनात सुरू केलं:

जात्याच्या पाळीवरी, पीठ साचलं मूठभर
लेक डोंगराच्या आड, माझा जीव तिच्यावर

ही आईची लाडकी ओवी. पण तिला गोल फिरायची सवय. हात पुढे गेला की ओळ पुढे जाते, हात अंगाशी आला की ओळ परत येते. हातोडी वर जाते आणि खाली येते, तिला फिरणं ठाऊक नाही. दुसऱ्या ओळीच्या मध्येच माझा हात चुकला आणि घाव डाव्या हाताच्या बोटावर बसला. मी अशी किंचाळले की मुकादम पळत आला. त्याला वाटलं, इथंच बाळंत होते की काय.

थोरलीनं माझं बोट तिच्या वाटणीच्या पाण्यात बुडवून धरलं. मला तिचा आणखी राग आला.

आता माझा हट्ट वाढला. आठवा लागला होता. या खेपेला माहेरी जायचा प्रश्न नव्हता, पारनेरलाही पाण्याचे हाल, आणि आई स्वतः कामावर जात होती. म्हणजे बाळंतपण याच घरात, आत्याबाई ओसरीवर दाराला कान लावून बसलेली असताना. मी पुन्हा ओरडले की जन्मभराचं लोणचं. मला भीती कळांची नव्हती असं नाही, पण त्याहून मोठी भीती होती ती ओसरीवरच्या त्या कानाची. काहीही करून थोरलीसारखं गप्प राहायचं होतं.

जात्यावर बसलं की ओवी सुचते, असं म्हणतात. मला नवी नको होती, जुनीच मनात पक्की बसवायची होती. आमचं जातं मधल्या खोलीत कोपऱ्यात होतं, वर्षाकाठी कधीतरी डाळ भरडण्यापुरतं. कामाला सुटी होती त्या दिवशी, आत्याबाई रेशनच्या रांगेत गेलेली बघून मी त्याच्यावरची धूळ पुसली, खुंटा ठोकला आणि पाय पसरून बसले. पोट आडवं येत होतं. घरात दाणा म्हणावा तर रेशनचा तांबडा मिलो, ती परदेशी ज्वारी, तोही मोजका. म्हणून मी जातं तसंच फिरवायला सुरुवात केली, रिकामं. रिकामं जातं फिरवू नये, घराला बरं नसतं, हे मला ठाऊक होतं. पोटुशीनं तर नाहीच नाही. पण हेवा माणसाला काहीही करायला लावतो.

दगडावर दगड घासल्याचा खरखर आवाज सुरू झाला. मी ओवी म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात थोरली दारात येऊन उभी राहिली. ती मागं जळण फोडत होती, कुऱ्हाड हातातच होती.

मला वाटलं, आता ही आत्याबाईला सांगणार. मी हात काढून घेतला.

"थांबू नको," ती म्हणाली.

तिचा आवाज नेहमीचा नव्हता. मी पुन्हा खुंटा धरला. तिनं कुऱ्हाड खाली ठेवली, जवळ आली, उकिडवी बसली आणि कान देऊन ऐकू लागली.

"ह्याच्यात दाना न्हाई," ती म्हणाली. "दान्याचा आवाज येगळा येतो."

ती उठली, डब्यातून ओंजळभर मिलो आणला आणि जात्याच्या तोंडात मूठ सोडली. "आता फिरव."

खरखर गेली आणि भरीव घरघर सुरू झाली. मी आईची ओवी उचलली. दोन शब्द झाले असतील, तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"गाऊ नको, धाकले. नुसतं फिरव."

मग ती जमिनीवर आडवी झाली आणि माझ्या पसरलेल्या पायावर तिनं डोकं ठेवलं. दोन पोरांची आई, केसांत भुसा, माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठी बाई. मी दळत राहिले. पाय हलत होता आणि त्याच्यावर तिचं डोकं हलत होतं.

"आई दळायची तवा मी अशी मांडीवर असायची म्हनं," ती डोळे मिटून म्हणाली. "गानं म्हनायची का न्हाई, देव जाने. मला शबुद आटवत न्हाईत. तिचं तोंडबी आटवत न्हाई. नुसती घरघर आटवती, आन मांडी हालायची ती. काई दुखलं-खुपलं की त्येच यीतं कानात. मी आनत न्हाई, आपोआप यीतं."

तर हे होतं तिचं औषध. यात ओवीबिवी काही नव्हती, आणि माझ्यापासून लपवण्यासारखंही काही नव्हतं.

खरं तर इथं मला लाज वाटायला हवी होती. वाटली, पण नंतर. त्या क्षणी काय वाटलं ते सांगते, आता या वयात लपवून काय करायचं? मला वाटलं, हिच्याकडे एकच सूर आहे आणि तो हिला जन्माला पुरतो. माझ्याकडे आई आहे, आईच्या दोनशे ओव्या आहेत, आणि वेळेला त्यातली एक कामाला येत नाही. देवानं हिला आई दिली नाही आणि तरी माझ्यापेक्षा जास्त दिलं. एका पोरक्या बाईच्या पोरकेपणाचाही मला हेवा वाटला.

ओंजळ संपली. ती उठली, पीठ सुपात भरलं, जात्याचा खुंटा काढून भिंतीला लावला. "आत्याबाईस्नी सांगू नको," ती म्हणाली, जसं काही चोरी तिनंच केली होती.

नववा भरला आणि एका सकाळी कळा सुरू झाल्या. सुईण आली. आत्याबाईनं ओसरीवर बस्तान मांडलं, पाठ दाराला, हातात जपाची माळ. थोरलीनं पाणी तापवलं आणि बाहेर गेली.

पहिल्या कळा मी निभावल्या. एका कळेला एक ओवी. कळ आली की मनात ओळ सुरू करायची, ओसरली की सोडून द्यायची. मला वाटलं, जमलं. पण दुपार झाली तसं जमेना. शब्दांना दम लागतो, मनातल्या मनात म्हटले तरी. ओवीचा पहिला शब्द यायचा आणि बाकीची ओळ कुठं जायची कळायचं नाही. आईचा आवाज आठवावा तर आईच्या जागी कामावर बसलेली, ओठ फुटलेली आई दिसायची. मी पदराचा बोळा तोंडात धरला. तोही पुरेना. तोंडातून पहिला आवाज निसटला, आणि ओसरीवरची माळ थांबल्याचं मला कळलं.

तेवढ्यात मधल्या खोलीत जातं सुरू झालं.

"आगं, ही काय येळ हाय का दळायची?" आत्याबाई ओसरीवरून ओरडली.

"गिरनी बंद हाय, आत्याबाई," थोरलीचा आवाज आला. "बाळंतिणीच्या घरात उद्या पीठ लागंल का न्हाई?"

गिरणी चालू होती. तिचा भकभक आवाज मी सकाळीच ऐकला होता.

मग मला दुसरं काही ऐकू येईना. पुढं, आणि अंगाशी. पुढं, आणि अंगाशी. त्या आवाजाला शब्द नव्हते, म्हणून त्याला दमही लागत नव्हता. कळ आली की मी त्या फेऱ्यात बसायची आणि तो मला वळसा घालून परत आणून सोडायचा. दोन-अडीच तास मी असे काढले. सुईण म्हणाली, "हांग आशी, शानी माजी बाय."

शेवटी मात्र मी ओरडलेच. ते खोटं कशाला सांगू? सगळे देव झाले, आई झाली, आणि ते नावही झालं. पण मी जसजशी चढले तसतसं पलीकडचं जातं चढत गेलं. असं जातं मी कुणाला फिरवताना ऐकलं नव्हतं, अख्खी भिंत घरघरत होती. सुईणीनं एकदा भिंतीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि दात नसलेल्या तोंडानं हसली. मग मुलगा रडला आणि जातं थांबलं.

त्यानंतर आयुष्यात दुखणी कमी आली नाहीत. पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, पाय मोडला, मालक गेले तेव्हा तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं असताना मला जीव कुठं ठेवावा कळत नव्हतं. परवा दाताच्या डॉक्टरनं सुई टोचताना विचारलं, "आजी, मान हलवू नका, कुठला जप करताय?" मी म्हटलं, जप नाही, दळण चाललंय. त्याला काही कळलं नाही. माझ्या आईच्या ओव्या मला अजून पाठ आहेत, कुणी विचारलं तर म्हणून दाखवते. पण दुखायला लागलं की ज्या घरात मी कधी गेले नाही, जी बाई मी कधी बघितली नाही, तिचं जातं माझ्या कानात येतं.

तर त्या मुलाच्या पाचवीला पाटा-वरवंटा पुजला, चार बायका जेवायला आल्या. आत्याबाई नातवाला मांडीवर घेऊन बसली आणि मी खाटेवरून ऐकत होते.

"आता धाकलीबी शिकली," ती म्हणाली. "मी बसलेवते की ओसरीवर. सुरवातीला जरा हूं केलं, मग बाळ रडंस्तवर आवाज न्हाई. थोरलीच्या हाताखाली राहिली, गुन लागला."

बायका थोरलीकडे बघू लागल्या. आता एक शब्द बोलली असती तर जन्मभराचं माप तिच्याच पारड्यात राहिलं असतं. ती पत्रावळीवर भाकरी मोडत होती.

"व्हय की," ती म्हणाली. "मी तर भिताडाला लागून हुते. काईच ऐकू आलं न्हाई."

बायका गेल्यावर ती माझ्यासाठी डिंकाचं पाणी घेऊन आली. पेला देताना तिचा तळहात दिसला. खडी फोडून फोडून घट्टे पडलेले हात, त्यांना कशानं काही व्हायचं नाही. पण त्या घट्ट्यांखाली फोड आले होते, दोन फुटले होते, त्यांत हळद भरली होती. आठवड्याचा मिलो तिनं एका दिवसात दळून काढला होता. पिठाचा डबा काठोकाठ भरला होता.

आभार मानायचे सोडून माझ्या मनात काय यावं? जुना हेवा उठून बसला. मला वाटलं, सापडली. हीसुद्धा ओरडली असणार. हिच्यासाठीही कुणीतरी भिंतीपलीकडे बसून जातं फिरवलं असणार, आणि सगळा बोलबाला फुकटचा. मी मोठ्या आशेनं विचारलं.

"बाई, तुमच्या येळंला कोन बसलंवतं जात्यावर?"

तिनं माझ्याकडे बघितलं. प्रश्न तिला नीट कळलाच नाही असं वाटलं.

"माज्या येळंला?" ती म्हणाली. "माज्या येळंला कोन बसनार, धाकले? म्हनून तर मनात फिरवावं लागलं."

मग तिनं माझ्या हातातला रिकामा पेला घेतला आणि माझं बाळ उचलून स्वतःच्या मांडीवर घेतलं. तिची मांडी हळूहळू हलायला लागली.